अर्थावाचूनचा शब्द : ‘सिगुर रोस’ची तीस वर्षे

गाण्यात शब्दांचे स्थान कोणते, हा वाद आपल्याकडे जुना आहे. ख्यालगायकाच्या लेखी बंदिशीचे शब्द म्हणजे स्वर टांगण्याची खुंटी. भावगीताच्या रसिकाला मात्र शब्द कळला नाही तर गाणे ऐकल्याचे समाधानच मिळत नाही. या दोन पक्षांपैकी कोणाचीही बाजू न घेता तिसरेच उत्तर देणारा एक बँड तीस वर्षांपूर्वी आइसलँड या दूरच्या बेटावर जन्मला. त्याचे नाव ‘सिगुर रोस’. या बँडने मातृभाषेत गाणी म्हटली, कोणत्याच भाषेत नसलेले शब्द गायले, बँड म्हणून एकदा इंग्रजीतही गाऊन पाहिले आणि पुन्हा मातृभाषेकडे वळणे पसंत केले. जगाने त्याला डोक्यावर घेतले ते यांपैकी कशासाठी, आणि या वाटचालीतून भाषेविषयी आपल्या हाती काय लागते, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत.

रॉक संगीताचे नाव काढताच आपल्यापैकी अनेकांच्या मनात ढोलांचा गडगडाट, कर्कश गिटार आणि केस वाढवलेले तरुण उभे राहतात. आमच्याही घरात या बँडचे सूर तरुण पिढीच्या खोलीतूनच प्रथम आले. परंतु रॉकचेही अनेक संप्रदाय आहेत. मोठ्या व्यापारी कंपन्यांच्या बाहेर राहून, लहान प्रकाशकांच्या आधाराने जे संगीत निघाले त्यास ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र रॉक असे नाव पडले. त्यातील एका प्रवाहाने ध्रुवपद, अंतरा, पुन्हा ध्रुवपद ही गाण्याची ठरलेली चौकट बाजूला ठेवली आणि गिटार, ढोल, पियानो यांचा उपयोग वातावरण उभे करण्यासाठी केला. ब्रिटिश समीक्षक सायमन रेनल्ड्स यांनी १९९४ च्या सुमारास या प्रवाहास ‘पोस्ट-रॉक’ म्हणजे रॉकोत्तर ही संज्ञा दिली. योगायोग असा की, सिगुर रोसचा जन्मही १९९४ चाच.

त्या वर्षाच्या आरंभी रेक्याविक येथे तीन तरुण एकत्र आले. योन थोर बिर्गिसॉन, ज्यास सारे जग ‘योन्सी’ म्हणून ओळखते, हा गायक व गिटारवादक. गेऑर्ग होल्म हा खर्जाची म्हणजे बेस गिटार वाजविणारा. आणि आउगुस्त आयवार गुन्नारसॉन हा ढोलवादक. याच सुमारास योन्सीला बहीण झाली. तिचे नाव ‘सिगुररोस’ ठेवण्यात आले. ‘सिगुर’ म्हणजे विजय आणि ‘रोस’ म्हणजे गुलाब. त्या तान्ह्या मुलीच्या नावाची फोड करून या मंडळींनी आपल्या बँडला ते दिले. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते. बिर्गिसॉन याचा अर्थ बिर्गिरचा मुलगा, इतकाच. मधल्या जागी वडिलांचे नाव लावणाऱ्या आपल्या लोकांना ही रीत परकी वाटू नये.

त्यांची भाषा कोणती परिस्थिती भोगत होती हे ध्यानात घेतल्याखेरीज त्यांच्या निर्णयाचे मोल कळणार नाही. आइसलँडची लोकसंख्या त्या काळी पावणेतीन लाखांच्या आत होती. आजही ती चार लाखांच्या घरातच आहे. आमचे इंदूर शहर २०११ च्या जनगणनेत वीस लाखांच्या जवळ पोहोचले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या भाषेचा पसारा किती लहान आहे ते समजेल. तरी ही भाषा आपला अभिमान बाळगून आहे. सात-आठशे वर्षांपूर्वीच्या तिच्या गद्य गाथा आजचा सुशिक्षित आइसलँडी माणूस फारसे अडखळल्यावाचून वाचू शकतो. नवी वस्तू आली की तिला घरचेच नाव द्यावयाचे, हा त्यांचा परिपाठ. संगणकाला त्यांनी ‘तोल्वा’ म्हटले. संख्या आणि भविष्य सांगणारी स्त्री या अर्थांच्या दोन जुन्या शब्दांची ती सांगड आहे. टेलिफोनसाठी तर धागा या अर्थाचा एक विसरलेला शब्दच पुन्हा जिवंत करण्यात आला. राजव्यवहारकोशापासून सयाजीरावांच्या शासनशब्दकोशापर्यंतची परंपरा ज्यांच्या घरी सांगितली जाते, त्या वाचकांना या खटाटोपाचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

असे असूनही, त्या देशातील कलावंतास जगाकडे जावयाचे तर ते इंग्रजीच्या दारातून, असाच तोवरचा अनुभव होता. ‘शुगरक्यूब्ज’ हा बँड आणि त्यातून पुढे आलेली ब्योर्क ही गायिका यांनी जागतिक कीर्ती मिळविली ती मुख्यतः इंग्रजी गाऊन. गंमत म्हणजे, शुगरक्यूब्जच्या मंडळींनी १९८६ साली काढलेल्या ‘स्मेक्लेइसा’ या प्रकाशनसंस्थेनेच सिगुर रोसला आश्रय दिला. स्मेक्लेइसा या शब्दाचा अर्थ अभिरुचीचा अभाव! अशा संस्थेने या शतकातील एका अत्यंत नाजूक अभिरुचीच्या बँडला जन्माला घालावे, हा विनोद आइसलँडी लोकांनाच साधेल. मुद्दा असा की, इंग्रजीचे दार उघडे असताना या मुलांनी त्यातून जाण्याचे नाकारले.

आता त्यांच्या नादाविषयी. योन्सी गिटार छेडत नाही. चेलो या वाद्याचा गज तिच्या तारांवरून ओढतो. गिटारवर गज ओढण्याची कल्पना त्याच्या आधीची आहे. ‘लेड झेपेलिन’चा जिमी पेज साठच्या दशकाअखेरीस व्हायोलिनचा गज वापरीत असे. पण पेजसाठी तो एक चमत्कार होता, योन्सीने त्यास आपले वाद्यच मानले. छेडलेल्या तारेचा नाद आघातापाशी सर्वांत मोठा असतो आणि लगेच विरू लागतो. गज ओढला की आघात नाहीसा होतो, उरते ती आस. सतारीचा टणत्कार आणि सारंगीची आस यांतील भेद जाणणाऱ्यास हे चटकन समजेल. त्यात विद्युत उपकरणांनी नाद फाटका करून त्याला मोठ्या दालनातल्यासारखी गुंज दिली की, एकाच गिटारमधून एखाद्या वाद्यवृंदाचा भास होतो. या आसेवर योन्सीचा अतिशय उंच, बालकाच्या किंवा स्त्रीच्या आवाजाच्या जवळ जाणारा आवाज तरंगतो. खाली गेऑर्गचा खर्ज संथ पावले टाकीत असतो. या तीन गोष्टींवर बँडची पुढील सारी इमारत उभी आहे.

पहिला अल्बम ‘वॉन’ १९९७ साली निघाला. वॉन म्हणजे आशा. आशेचे नाव धारण करणारी ही ध्वनिमुद्रिका मोठी काळोखी आहे. पहिली नऊ-दहा मिनिटे आपण ज्यास गीत म्हणतो तसे काही घडतच नाही. घरघर, दूरचे ओरडणे, पुन्हा घरघर. एक क्रमांक तर केवळ अठरा सेकंदांच्या शांततेचा आहे आणि त्याचे नाव ‘सूर्योदयापूर्वीचे अठरा सेकंद’. तरुणांच्या पहिल्या कृतीत असावा तेवढा हट्ट यात आहे, आणि आमच्या मते गरजेपेक्षा थोडा अधिक आहे. तथापि शीर्षकगीतात योन्सीने प्रथमच असे शब्द गायले की ज्यांना कोणत्याच कोशात जागा नाही. त्या गीतावरून या गायनास ‘वॉनलेन्स्का’ म्हणजे ‘आशादेशाची भाषा’ असे नाव पडले. तिला व्याकरण नाही, शब्दसंग्रह नाही. चालीला जो स्वर आणि जे व्यंजन मानवेल ते येते. पुढील वर्षी याच ध्वनिमुद्रिकेच्या पुनर्रचनांचा एक संग्रह निघाला, त्याचे नाव ‘वॉन ब्रिग्दी’. हे दोन शब्द तोडून लिहिले तर ‘वॉनची रूपांतरे’ असा काहीसा अर्थ होतो, जोडून लिहिले तर ‘निराशा’. असा श्लेष करणाऱ्या मंडळींना भाषेची पर्वा नव्हती असे कोण म्हणेल?

खरे वळण १९९८ मध्ये आले. त्या वर्षी क्यार्तान स्वेइन्सॉन हा पियानो व ऑर्गन वाजविणारा बँडमध्ये दाखल झाला. चौघांमध्ये संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेला तो एकटाच. घरघरीच्या जागी आता स्वररचना आली, तंतुवाद्यांचे लेखन आले. १९९९ साली ‘आउगाइतिस बिर्युन’ ही दुसरी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ ‘बरी सुरुवात’. तयार झालेले पहिले गाणे ऐकून एका मित्राने दिलेला हा शेरा त्यांनी शीर्षक म्हणून स्वीकारला. पहिल्या प्रतींची वेष्टने बँडच्या लोकांनी स्वतः बसून डिंकाने चिकटवली होती. हे घरगुतीपण अल्बमच्या अंगातही आहे. प्रवेशक शीर्षकगीताचेच तुकडे उलटे वाजवून केलेला आहे. ‘स्तारआउल्फुर’ या गीतातील तंतुवाद्यांची ओळ पुढून आणि मागून सारखीच वाजते, असे जाणकार सांगतात. आपल्याकडील विलोमकाव्याची आठवण व्हावी असा हा खेळ. पण ऐकताना कसरतीचा मागमूस नाही, एक हळुवार लहर तेवढी जाणवते. ‘स्वेप्न-ग-एंग्लार’ हे दहा मिनिटांचे गीत एका बारीक, पाण्याखालून आल्यासारख्या ठोक्यावर चालते. नावातही पुन्हा श्लेष, निद्रेत चालणारे आणि देवदूत यांचा. या अल्बममधील बहुतेक गीते आइसलँडी भाषेत आहेत. २००० साली तो ब्रिटनमध्ये ‘फॅटकॅट’ या लहान कंपनीतर्फे आला, त्याच वर्षी ‘रेडिओहेड’ या नामांकित बँडच्या कार्यक्रमांत पूर्वरंग सादर करण्याचा मान यांस मिळाला, आणि एका शब्दाचाही अर्थ न कळणारे श्रोते जगभर निर्माण झाले. ध्वनिमुद्रणानंतर आउगुस्त बाहेर पडला आणि ओर्री पाउल दिरासॉन ढोलावर बसला.

कीर्ती मिळाल्यावर सामान्य कलावंत श्रोत्यांच्या एक पाऊल जवळ जातो. सिगुर रोसने उलट केले. रेक्याविकजवळच्या मोस्फेल्सबाइर येथे १९३० च्या दशकातील एक बंद पडलेला पोहण्याचा तलाव त्यांनी ध्वनिमुद्रणगृहात बदलला आणि तेथे तिसरा अल्बम तयार केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या कृतीला नावच नाही. वेष्टनावर फक्त दोन कंस, आत काही नाही. आठही गीते निनावी. सारे गायन वॉनलेन्स्कामध्ये. चार गीते उजळ, मग छत्तीस सेकंदांची शांतता, मग चार गीते काळोखी. पहिल्या अल्बममधील अठरा सेकंद येथे बरोबर दुप्पट झाले आहेत, आणि आता ते हट्ट वाटत नाहीत. दोन खोल्यांमधील उंबरठा वाटतात. सोबतच्या पुस्तिकेत जेथे गीतांचे शब्द छापले जातात तेथे बारा कोरी पाने. श्रोत्याने ऐकावे आणि जे ऐकू येईल ते स्वतः लिहावे, अशी अपेक्षा. शेवटचे जवळजवळ बारा मिनिटांचे गीत एका साध्या गिटारच्या ओळीने सुरू होते आणि ढोलांच्या प्रचंड कोसळण्याने संपते. पुढे अनेक वर्षे त्यांच्या मैफलीची भैरवी हीच असे.

आमच्या मते हा त्यांचा सर्वांत धीट अल्बम आहे, आणि तो समजून घेण्याचे साधन आमच्या गावातच आहे. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांनी (मृत्यू १९७४) अतिविलंबित झुमऱ्यात ख्याल मांडताना लय इतकी संथ केली की दोन मात्रांच्या मधली जागा हेच गाण्याचे घर झाले. त्याच खाँसाहेबांनी तराण्याचा ध्यास घेतला. ‘तोम’, ‘तनन’, ‘दीम’ ही अक्षरे निरर्थक नसून त्यांच्यामागे फारसी-अरबी साधनेचे अर्थ दडलेले आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि तराण्यात ते फारसी रुबाई गुंफीत. अर्थहीन मानलेल्या अक्षरांत अर्थ शोधण्याची ही दिशा. योन्सीची दिशा नेमकी उलट आहे. तो अर्थ असलेल्या भाषेतून अर्थ काढून घेतो आणि उरलेले अक्षर गातो. पण दोघेही एकाच जागी येऊन भेटतात. अक्षराचा नाद अर्थाच्या आधीही काही सांगत असतो, हे दोघांनाही माहीत आहे.

येथे एक प्रचलित मत तपासून पाहावेसे वाटते. ‘संगीताला भाषा नसते, म्हणूनच हा बँड जगभर पोहोचला’ असे वारंवार लिहिले गेले. त्याच्या जोडीला, हे संगीत म्हणजे हिमनद्या आणि ज्वालामुखी यांचा आवाज, असेही वर्णन इतक्या वेळा आले की ते वाचवत नाही. ज्वालामुखी आइसलँडच्या सर्वच गायकांच्या परसात आहेत. सारेच असे गात नाहीत. हा नाद गज, तलावातील गुंज, क्यार्तानचे शिक्षण आणि अमाप धीर यांतून घडला. आणि वॉनलेन्स्का ही भाषेपासूनची सुटका आहे, हेही आम्हांस मान्य नाही. तिच्यातील लांबवलेले स्वर, ओठांआड अडणारी व्यंजने ही आइसलँडी तोंडातूनच आलेली आहेत. कानडी किंवा माळवी माणूस निरर्थक बडबडला तर ती बडबड अशी होणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, इंदूरमध्ये किंवा लंडनमध्ये बसलेल्या श्रोत्याला आइसलँडी गीत आणि वॉनलेन्स्का गीत यांतील फरक कळतच नाही. आम्ही कित्येक दिवस दोन्ही एकच समजून ऐकत होतो, आणि बहुसंख्य श्रोते आजही तसेच ऐकतात. तो फरक ठाऊक आहे तीन-चार लाखांना. त्यांच्या दृष्टीने एका गीतात कोणी त्यांच्याशी बोलतो आहे आणि दुसऱ्यात बोलणे थांबवून नुसता आवाज देतो आहे. म्हणजे हा बँड घरी एक आहे आणि बाहेर दुसरा. बाहेरच्या जगाने त्यांच्या भाषेला दाद दिली, ती वातावरण म्हणून. धुक्याला किंवा सुगंधाला द्यावी तशी. कोणत्याही लहान भाषेच्या कलावंतापुढे उभा राहणारा हा पेच आहे. आदर पुष्कळ मिळतो, पण ऐकून कोणी घेत नाही.

२००५ सालच्या ‘ताक्क’ या अल्बमपासून हा पेच अधिक तीव्र झाला. ताक्क म्हणजे धन्यवाद. हा अल्बम ईएमआय या बलाढ्य कंपनीकडून आला, त्यामुळे इंडी हे विशेषण येथे केवळ वृत्तीपुरते उरले. ‘हॉप्पीपोल्ला’ म्हणजे डबक्यांत उड्या मारणे, या त्यातील गीताला अफाट लोकप्रियता लाभली. बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ’ या निसर्गमालिकेच्या जाहिरातीत २००६ मध्ये ते वाजले आणि घरोघर गेले. गीत गोड आहे, पावसात भिजलेल्या मुलांचे आहे. परंतु हळू आरंभ, पियानोचा नाजूक ठेका, मग तंतुवाद्ये आणि शेवटी ढोलांसह सर्व वाद्यांची भरती हा क्रम या अल्बमपासून सवयीचा होऊ लागला. भरती येणार हे ठाऊक असले की ओहोटीतील उत्कंठा जाते. जाहिराती आणि चित्रपट यांनी नेमकी हीच भरती उचलली, आणि दुसऱ्या शेकडो बँडनी तिची नक्कल केली. तो दोष सर्वस्वी यांचा नाही. तरी पहिला साचा यांच्याच हातचा होता.

या यशानंतर ते घरी गेले, शब्दशः. २००६ च्या उन्हाळ्यात त्यांनी आइसलँडभर फिरून गावोगाव विनामूल्य कार्यक्रम केले. त्यावर २००७ साली निघालेल्या चित्रपटाचे नाव ‘हेइमा’, म्हणजे ‘घरी’. ओसाड पडलेला हेरिंग माशांचा कारखाना, लहान गावांची सभागृहे, मोकळी कुरणे. श्रोते म्हणजे आजीबाई, मासेमार, लोकरी टोपड्यातली पोरे. पूर्वेकडील काउराह्न्युकार येथे अॅल्युमिनियमच्या कारखान्याला वीज पुरविण्यासाठी धरण होत होते आणि एक दरी पाण्याखाली जाणार होती. तेथे विरोध करणाऱ्यांच्या तळावर त्यांनी विजेच्या उपकरणांवाचून वादन केले. २००४ साली हरसूद पाण्याखाली जाताना ज्यांनी पाहिले, त्या मध्य प्रदेशातील वाचकांना त्या प्रसंगाचे गांभीर्य सांगावयास नको. विजेच्या गुंजेवर ज्यांचा सारा डोलारा उभा, त्यांनी तो उतरवून ठेवला तेव्हा खाली काय उरते हे तेथे ऐकू आले. उरली ती साधी, गाता येण्याजोगी चाल. हा बँड केवळ वातावरणाचा नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा आम्हांस दुसरा माहीत नाही.

त्याच हलकेपणाचा पुढचा टप्पा २००८ च्या अल्बममध्ये आहे. त्याच्या लांबलचक नावाचा अर्थ ‘कानांत गुणगुण घेऊन आम्ही अखंड वाजवतो’. येथे साध्या गिटारी, टाळ्यांसारखे ढोल, धावती लय. उन्हात आल्यासारखे वाटते. आणि याच अल्बमच्या अखेरीस ‘ऑल ऑलराइट’ हे इंग्रजी गीत आहे. गंमत पाहा. ज्या भाषेचे शब्द आपणां सर्वांना थोडेफार कळतात, त्या भाषेतील हे गीत सर्वांत अस्पष्ट आहे. शब्द ओठांवरून घसरतात, त्यांना बूड नाही. आइसलँडी गीतात योन्सी शब्दावर रेलतो, वॉनलेन्स्कात अक्षर हवे तसे वाकवतो. इंग्रजीत तो दोन्ही करू शकत नाही. २०१० मधील त्याच्या ‘गो’ या स्वतंत्र अल्बममध्ये इंग्रजी पुष्कळ आहे आणि त्यात उत्साहही आहे, पण सिगुर रोसने ती वाट पुन्हा धरली नाही, हे शहाणपणाचे झाले.

२०१२ चा ‘वाल्तारी’ आम्हांस सर्वांत दुबळा वाटतो. वाल्तारी म्हणजे रस्त्यावरचा रूळ. नावात एवढे वजन, आणि संगीतात धुकेच धुके. नाद सुंदर आहे, पण त्याला अस्थी नाहीत. २०१३ च्या आरंभी क्यार्तान बाहेर पडल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी उरलेल्या तिघांनी ‘क्वेइकुर’ काढला. क्वेइकुर म्हणजे वात, पेटविण्याची वात. ‘ब्रेन्निस्तेइन’ म्हणजे गंधक, या पहिल्याच गीतात खर्ज असा खरखरतो की पूर्वीचा बँड ओळखू येऊ नये. अनेक जुने चाहते नाराज झाले. आमचे मत निराळे आहे. स्वतःच्या गोडव्याचा कंटाळा येणे हे कलावंताच्या प्रकृतीचे लक्षण आहे, आणि क्वेइकुर हा तसा निरोगी कंटाळा आहे.

त्यानंतर दहा वर्षे नवा अल्बम आला नाही. २०१६ साली त्यांनी आइसलँडला वळसा घालणाऱ्या तेराशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या रस्त्याचा चोवीस तासांचा प्रवास संगीतासह थेट प्रक्षेपित केला. २०१८ मध्ये ओर्रीने बँड सोडला. २०२२ मध्ये क्यार्तान परतला, आणि जून २०२३ मध्ये आठवा अल्बम आला, ‘आउत्ता’. त्याचा अर्थ आठ. संस्कृत ‘अष्ट’, प्राकृत ‘अट्ठ’, मराठी ‘आठ’ आणि हा ‘आउत्ता’ ही एकाच घराण्यातली भावंडे होत. या अल्बममध्ये ढोल जवळजवळ नाहीतच. लंडन कंटेम्पररी ऑर्केस्ट्राची तंतुवाद्ये आणि योन्सीचा आवाज, एवढेच. भरती येईल येईल असे वाटत राहते आणि ती येत नाही. जो साचा त्यांनीच जगाला दिला तो त्यांनी येथे मोडला. मात्र एकसुरीपणाचा धोकाही पत्करला, आणि उत्तरार्धात तो त्यांना पूर्णपणे टाळता आलेला नाही. तरी तिघांच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे हे गाणे खोटे वाटत नाही.

आता, या साऱ्याचा आपल्या मंडळींशी संबंध काय? आम्ही सेवेतील सारी वर्षे हिंदीत टिपणे लिहिली आणि संध्याकाळी घरी येऊन मराठीत बोललो. आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य असेच गेले. आपल्या नातवंडांची गोष्ट वेगळी आहे. गणपतीतील आरत्या त्यांना पाठ आहेत, चालीसकट; पण ओळीचा अर्थ विचारला तर ती आपल्या तोंडाकडे पाहतात. सिगुर रोसचे आइसलँडी जसे आम्हांस, तशी मराठी त्यांना होत चालली आहे. सुंदर, ओळखीची, आणि अर्थावाचूनची. यावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया आपल्या बैठकांतून ऐकू येतात. एक म्हणते, अर्थ गेला की सारे गेले. दुसरी म्हणते, नाद आहे तोवर चिंता नाही.

या बँडची तीस वर्षे ऐकल्यावर आम्हांस दोन्ही अपुऱ्या वाटतात. नाद ही क्षुल्लक गोष्ट नव्हे; भाषेचा तोच भाग सर्वांत खोल रुजतो आणि सर्वांत शेवटी जातो. नातवाने अर्थ न कळता म्हटलेली आरती ही आपण समजतो तेवढी पोकळ नाही. परंतु योन्सीला अर्थ टाकून देता आला, कारण तो त्याच्यापाशी होता. निनावी अल्बमनंतर त्याला ‘ताक्क’ म्हणता आले, ‘हेइमा’ म्हणता आले, आणि ते ऐकून कळणारी माणसे कुरणावर बसलेली होती. वॉनलेन्स्का गाण्याचे स्वातंत्र्य आइसलँडीच्या जिवावर होते. मागे नांदती भाषा नसेल, तर उरलेल्या नादास आशादेशाची भाषा म्हणता येणार नाही.

ज्यांना ही गाणी ऐकण्याची इच्छा होईल त्यांनी ‘आउगाइतिस बिर्युन’पासून आरंभ करावा, मग ‘हेइमा’ हा चित्रपट पाहावा आणि निनावी अल्बम सर्वांत शेवटी ऐकावा. शक्य असल्यास घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला सोबत बसवावे. कोऱ्या पानांवर त्यांनी काय लिहिले, आणि कोणत्या लिपीत, हे पाहण्यासारखे असेल.